मृत्युंजयेश्वर : नाम, मंत्र आणि अर्थ

पुण्याचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली अनाथ बालिकाश्रम हिंगण्यास आणला. उपनगराचे आजचे नाव त्यांच्यावरूनच पडले. लगतच्या कोथरुडात, कर्वे रस्त्यावर, मृत्युंजयेश्वराचे शिवमंदिर आहे. घरातील आजाऱ्यास आयुष्य लाभावे म्हणून शिवपिंडीवर अभिषेक करून मृत्युंजय मंत्राचा जप करण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे. या उपासनेत मृत्यूवरचा 'जय' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न देवाच्या नावातूनच उद्भवतो.

'मृत्युंजय' हा उपपद तत्पुरुष समास होय. 'जि' धातूस खच् प्रत्यय लागून पूर्वपदास मुम् आगम होतो. 'शत्रुंजय', 'धनंजय' ही रूपे याच जातीची. म्हणजे नामात मृत्यू हा जिंकावयाचा शत्रू आहे. मार्कंडेयाच्या पुराणकथेत हीच कल्पना आढळते : शिव यमाला परतवितो आणि अल्पायुषी भक्त वाचतो.

मंत्रातील कल्पना मात्र निराळी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ५९ वे सूक्त मरुतांचे असून त्याची शेवटची, बारावी ऋचा तेवढी त्र्यंबक रुद्राची आहे. तीत युद्धाचा शब्द नाही. उपमा आहे ती उर्वारुकाची, म्हणजे काकडीवर्गीय फळाची. फळ देठापासून सुटावे तसे मृत्यूपासून सुटावे, अशी प्रार्थना आहे. वाजसनेयी संहितेचा भाष्यकार महीधर येथे पूर्ण पिकलेले फळ घेतो. मृत्यू येथे शत्रू नसून बंधन आहे.

पुढील 'मामृतात्' या शब्दाचा विग्रह महत्त्वाचा आहे. ऐकणाऱ्यास त्यात 'माम्' म्हणजे 'मला' असल्याचा भास होऊ शकतो. ज्या सहा ऋचांना ऋग्वेदाचा पदपाठ नाही त्यांत ही एक असल्याने तेथे निर्णय मिळत नाही. तो वाजसनेयी संहितेत (३.६०) मिळतो. तेथे याच मंत्राचे दुसरे रूप कुमारिकांसाठी आहे. तीच उपमा देऊन त्या 'येथून सुटावे, तेथून नव्हे' असे मागतात. 'येथून' म्हणजे माहेरून आणि 'तेथून' म्हणजे पतिगृहातून, असा खुलासा शतपथ ब्राह्मण करते. या रूपातील 'मामुतः' मध्ये 'मा' निःसंशय निषेधार्थी आहे. म्हणून समांतर रचनेच्या आधारे 'मामृतात्' याचा विग्रहही 'मा अमृतात्' असाच करणे युक्त ठरते : मृत्यूपासून सुटावे, अमृतापासून नव्हे.

आता 'अमृत' म्हणजे काय? मनुष्य पूर्ण आयुष्य भोगतो हेच त्याचे अमृतत्व, असे शतपथ ब्राह्मणातच अन्यत्र म्हटले आहे. तो अर्थ येथे लावला असता मंत्राचे मागणे स्पष्ट होते. फळ कच्चे असताना खुडले जाऊ नये. पिकल्यावर मात्र त्याने देठास धरून राहावे, असा आग्रह नाही.

आजाऱ्यासाठी जप करविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. नामाचाच अर्थ धरला, तर मृत्यू आल्यास उपासना निष्फळ झाली असे वाटते. मंत्राचा अर्थ धरला, तर आयुष्याची याचना आणि अटळाचा स्वीकार ही दोन्ही एकाच प्रार्थनेत सामावतात. मृत्युंजयेश्वराच्या उपासनेचे धार्मिक महत्त्व या दोन अर्थांच्या सहवासात आहे.