मनाचा आजार आणि फौजी पेन्शन : एका चिवट गैरसमजाविषयी

कऱ्हेच्या खोऱ्यापासून भीमेच्या काठापर्यंत, सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात काय किंवा भवानीनगरकडच्या उसाच्या मुलखात काय, ज्या ज्या घरी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आहे आणि त्याची झोप उडालेली आहे, त्या त्या घरी एक वाक्य ठरल्यासारखे कानी पडते : "डोक्याच्या डॉक्टरकडं गेलं अन् कागदावर आलं, की पेन्शन बंद!" हे वाक्य निवृत्त हवालदार बोलतो, त्याची पत्नी बोलते, त्याला पारावर 'मेजर' म्हणून आदराने हाक मारणारा शेजारी बोलतो, आणि ज्यांना सरकारी कामकाजाची वहिवाट ठाऊक असावी अशी शिकलीसवरली माणसेही विचारल्यावर मान डोलावून त्याला दुजोरा देतात. या वाक्यात तिळमात्र तथ्य नाही. ते खोटे आहे हे इतक्यांदा सांगून झाले आहे की आता सांगताना संयम राखणे जड जाते. कारण या एका समजुतीपायी, ज्याला उपचाराने दोन-चार महिन्यांत उतार पडू शकला असता असा माणूस वर्षानुवर्षे रात्र रात्र अंगणात येरझाऱ्या घालीत राहतो, आणि घरचे लोक त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी गप्प बसणे हेच शहाणपण मानतात.

सैनिकाचे निवृत्तिवेतन हे त्याने बजावलेल्या सेवेचे फळ आहे. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून तो हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या खटल्यात दिला, आणि देशभरचे निवृत्तिवेतनधारक आजही तो दिवस पाळतात. ते रोखण्याचा अधिकार सरकारला मुळीच नाही असे नव्हे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा घोर गैरवर्तन सिद्ध झाले, तर तशी तरतूद नियमांत आहे. परंतु आजार, मग तो शरीराचा असो वा मनाचा, हा गुन्हाही नव्हे आणि गैरवर्तनही नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या सुरू केल्या म्हणून कोणाचे पेन्शन थांबल्याचे आजवर कोणी ऐकलेले नाही. नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या म्हणून ते थांबावे असा नियमही कोठे नाही. उपचार देणारी ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, यंत्रणा वेगळी आणि प्रयागराजहून पेन्शन चालवणारे संरक्षण लेखा खात्याचे दफ्तर वेगळे. एकीकडच्या चिठ्ठीवरून दुसरीकडे हुकूम सुटत नाहीत.

मग ही अफवा एवढी मूळ धरून का बसली? तिचे पहिले मूळ खुद्द पलटणीतच आहे, आणि ते समजून घेतल्यावाचून या माणसांना दोष देणे अन्यायाचे होईल. सेवेत असताना सैनिकाच्या प्रकृतीची प्रतवारी 'शेप' या पद्धतीने होते. पाच अंगे तपासली जातात. त्यांत सर्वांत पहिले अंग मनाचे, आणि मागाहून श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता व दृष्टी. सारे ठाकठीक असेल तर जवान 'शेप वन'. मनाच्या रकान्यात आकडा बदलला की त्याची वैद्यकीय श्रेणी उतरते, शस्त्र हाताळण्यावर निर्बंध येतात, बढती आणि सेवेची मुदतवाढ अडते, आणि बराकीत मागे 'सायको केस' असा शब्द कुजबुजला जातो. पंधरा-वीस वर्षे हा धाक अंगवळणी पडलेला माणूस पस्तिशी-चाळिशीत गावी परततो, तेव्हा गणवेश उतरतो. धाक उतरत नाही. जो धोका नोकरीत खरा होता, तो निवृत्तीनंतर उरलेलाच नाही, ही साधी गोष्ट त्याला निवृत्तीच्या वेळी कोणी समोर बसवून सांगत नाही. सरकारकडे बोट दाखवायचे, तर ते येथे दाखवावे. निरोपाच्या वेळी जवानाच्या हाती कागदांची चळत दिली जाते, परंतु त्या चळतीत "आता तुझ्या मनाचा आजार तुझ्या विरुद्ध वापरला जाणार नाही" हे एक वाक्य मात्र नसते.

दुसरे मूळ त्याहून विलक्षण आहे. पेन्शन चालू राहण्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. बहुतेकांचा महिना नोव्हेंबर. पूर्वी बँकेत जाऊन सही करीत, आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत आधार क्रमांक आणि अंगठा. महा-ई-सेवा केंद्रातल्या त्या लहानशा यंत्रावर, पाण्याच्या पाळ्या धरून आणि खोडव्याची पाचट ओढून रेषा पुसट झालेला अंगठा एकदा उमटत नाही, दोनदा उमटत नाही. मुलगा फडक्याने तो पुसून देतो, पुन्हा टेकवतो, आणि तरीही जमले नाही तर "उद्या या" असे ऐकावे लागते. धडधाकट माणूस उद्या जातो. ज्याला नैराश्याने अंथरुणातून उठवत नाही, जो चारचौघांत जायचे टाळतो, तो उद्याही जात नाही आणि परवाही जात नाही. मुदत टळते, पेन्शन थांबते, आणि गावात निष्कर्ष काढला जातो : डोक्यावर परिणाम झाला म्हणून पेन्शन गेले! वास्तविक दाखला भरताच पेन्शन थकबाकीसह पुन्हा सुरू होते. कारण आणि कार्य यांची ही अदलाबदल इतकी सहज घडते की तिच्यावर रागवावे की हळहळावे ते कळत नाही. अशा घरातल्या माणसांनी एवढे ध्यानात ठेवावे की नोव्हेंबरात त्याच्यासोबत कोणीतरी जाणे, हाही त्याच्या शुश्रूषेचाच भाग आहे. अडचण आली तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावे.

तिसरे मूळ भाऊबंदकीत आहे, आणि ते बोलून दाखवायला लोक कचरतात. जवान सीमेवर असताना जमीन भाऊ कसतो. कालव्याखालच्या एकराचा भाव वाढतो. तो परत येऊन वाटणी मागतो, आणि त्याच सुमारास त्याच्या उपचाराची फाईल घरात दिसली, तर "हा वेडा ठरला, आता याच्या सहीला किंमत नाही, सातबाऱ्यावरून नाव निघेल" असे त्याला कोणीतरी भिववते. त्या भिववणाऱ्याला कायद्याचे उत्तर असे आहे : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७, याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्यास मानसिक आजार असल्याचे निदान झाले एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर करावे लागते. तेविसाव्या कलमाने त्याच्या आजाराची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क त्याला दिला आहे. तलाठ्याच्या दफ्तरी डॉक्टरची चिठ्ठी दाखवून फेरफार होत नसतो.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. मनाचा आजार कागदावर आल्याने पेन्शन जात तर नाहीच, काही प्रकरणांत त्यात भर पडते. सैनिकी सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेने बळावलेल्या विकारासाठी, त्यातून आलेली विकलांगता वीस टक्के वा अधिक असल्यास, अपंगत्वाचे जादा निवृत्तिवेतन देण्याची तरतूद जुनी आहे, आणि तिच्यातून मनाचे विकार वगळलेले नाहीत. भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार पुढे सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात ठरवले. तथापि येथे वाचकाला खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. २०१९ साली नरसिंग यादव यांच्या प्रकरणात, छिन्नमनस्कता भरतीच्या तपासणीत आढळून येणे कठीण असते असे म्हणून त्याच न्यायालयाने दावा अमान्य केला. आणि २०२५च्या मे महिन्यात राजुमोन टी. एम. यांच्या प्रकरणात, त्याच आजारासाठी, वैद्यकीय मंडळाने कारणे न देता नुसता नकाराचा शेरा मारणे चालणार नाही, असे सांगून निवृत्तिवेतन मंजूर केले. सप्टेंबर २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाने या हक्काचे नियमच नव्याने लिहिले, आणि ते अधिक कठोर झाले अशी माजी सैनिकांच्या संघटनांची तक्रार आहे. ती तक्रार मला रास्त वाटते. जे दावे झगडून मिळवावे लागतात त्यांच्यासाठी मुंबईत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे. परंतु तेथे उभे राहायचे तर हाती उपचाराचे कागद हवेत, आणि "कागदावर येऊ नये" म्हणून ज्याने आयुष्यभर डॉक्टर टाळला त्याच्या हाती ते कोठून असणार? ज्या कागदाला तो भितो, तोच त्याचा एकमेव साक्षीदार असतो.

जायचे कोठे, हे थोडक्यात. १ एप्रिल २००३पासून चालू असलेल्या ईसीएचएस योजनेत मनोविकारांवरील उपचार समाविष्ट आहेत : पॉलिक्लिनिकमधील वैद्यकीय अधिकाऱ्याकडून चिठ्ठी घ्यावी आणि सैनिकी किंवा योजनेशी संलग्न असलेल्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. बारामतीहून पुण्याचा फेरा म्हणजे शंभराच्या घरात किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे, हे कोणालाही मान्य करावे लागेल, आणि गोळ्यांसाठी तो फेरा मारायला लावणारी व्यवस्था रुग्णाच्या सोयीची म्हणता येत नाही. ज्याला ते जमत नाही त्याने बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या अठराव्या कलमाने शासकीय खर्चाच्या मानसिक उपचाराचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे, आणि माजी सैनिक हाही नागरिकच आहे. रात्री-अपरात्री मन हाताबाहेर जाऊ लागले तर १४४१६ हा 'टेली मानस'चा क्रमांक आहे, विनामूल्य, मराठीतून बोलता येणारा; सैन्यदलांसाठी त्याचाच एक स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

उरलेल्या समजुती एकेका ओळीत निकालात काढण्याजोग्या आहेत. फौजी गडी खचत नाही म्हणतात : २०२२ साली संसदेत दिलेल्या उत्तरानुसार मागील पाच वर्षांत तिन्ही दलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केली, पैकी ६४२ भूदलातील. ज्याने लढाई पाहिली नाही त्याला कसला मनाचा आजार, असे विचारतात : दीर्घ विरह, घरची भांडणे आणि चाळिशीच्या आत संपलेली कारकीर्द यांना बंदुकीच्या आवाजाची गरज नसते. मिल्ट्रीवाला म्हटला की दारू आलीच, हे हसून सांगतात : व्यसन हा आजार आहे, कित्येकदा दुसऱ्या आजारावर घातलेले पांघरूण आहे, आणि पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून तेच सांगत आले आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात गेलेला परत येत नाही, असे म्हणतात : स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाला स्वेच्छेने घरी जाण्याचा हक्क कायद्यानेच आहे.

आणि अग्निवीरालाही हे सारे मिळेल, असे जे धरून चालतात, त्यांनी मात्र २०२२च्या योजनेच्या अटी वाचाव्यात. चार वर्षांनंतर घरी येणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसचे कार्डही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीपासून भरू लागतात, आणि तेव्हा बारामती-इंदापूरच्या गावांतून गेलेली तरुण मुले परत येऊ लागतील. त्यांच्यासाठी राज्य सरकारने आतापासूनच तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञाचा ठरलेला वार नेमावा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कामात त्यांचा अंतर्भाव लेखी हुकमाने करावा.