दोघांची बचत, एकच हिशेब

ब्रिटनमध्ये निवृत्तीचे वय न झालेल्या आणि उत्पन्न अपुरे पडणाऱ्या माणसांना सरकारकडून मिळणारी मुख्य मदत म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट. २०१२ च्या कायद्याने ही योजना आली, २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि बेकारी, आजारपण, घरभाडे, मुलांचा खर्च यांसाठीच्या आधीच्या सहा मदती तिने एकत्र केल्या. मदत ठरवताना महिन्याची कमाई तर पाहिली जातेच, पण गाठीला असलेला पैसाही मोजला जातो. अर्ज जोडप्याचा असेल तर दोघांचा पैसा एकत्र धरतात. लग्न झालेले असो वा नसो, नवरा-बायकोसारखे एका घरात राहणारे दोघे कायद्याच्या दृष्टीने जोडपेच. खाती वेगळी, एकाची बचत दुसऱ्याला ठाऊकही नाही, अशी परिस्थिती असली तरी बेरीज टळत नाही.

या बेरजेला दोन मर्यादा आहेत. ६,००० पौंडांपर्यंतच्या बचतीकडे पूर्ण दुर्लक्ष केले जाते. १६,००० पौंडांच्या वर एक पौंड जरी गेला तरी हक्क संपतो. मधल्या टप्प्यात, ६,००० च्या वरच्या प्रत्येक २५० पौंडांमागे किंवा त्यांच्या अंशामागे, महिन्याला ४.३५ पौंड उत्पन्न येते असे गृहीत धरून तेवढी रक्कम मदतीतून वजा होते. वर्षाचा हिशेब केला तर हा दर जवळजवळ २१ टक्के पडतो. इतके व्याज कोणतीही बँक देत नाही. सरकारची अपेक्षा खरे तर अशी, की माणसाने आधी आपली पुंजी थोडी थोडी मोडून खावी.

जोडप्यांवर खरा अन्याय होतो तो या मर्यादांच्या आकड्यांमुळे. एकट्या माणसाला जी मर्यादा, तीच दोघांना मिळून. समजा, एकाकडे ११,००० पौंड आहेत आणि दुसरीकडे ७,०००. दोघे वेगवेगळे राहत असते तर पहिल्याच्या मदतीतून महिन्याला ८७ पौंड कापले गेले असते, दुसरीच्या मदतीतून जेमतेम १७.४० पौंड. हक्क दोघांचाही शाबूत राहिला असता. एका छपराखाली आल्यावर बेरीज १८,००० होते आणि दोघांच्याही हाती काहीच पडत नाही. दोघांचा संसार एकट्याच्या दुप्पट महाग नसतो, म्हणून जोडप्याचा मूळ दर दोन एकट्यांच्या बेरजेपेक्षा कमी ठेवणे समजण्यासारखे आहे. बचतीची मर्यादा मात्र एका पौंडानेही न वाढवणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. त्यात हे आकडे २००६ पासून जसेच्या तसे आहेत. तेव्हापासून महागाई कितीतरी वाढली, म्हणजे मर्यादा कागदावर तीच राहून प्रत्यक्षात आक्रसत आली आहे.

बेरजेत काय येते? बँकेतील शिल्लक, करमुक्त बचत खाती, शेअर्स, प्रीमियम बाँड, घरात ठेवलेली रोकड आणि राहत्या घराखेरीजची घरे-जमिनी. स्वतः राहतात ते घर, त्याची किंमत कितीही असली तरी, मोजले जात नाही. निवृत्तिवेतन योजनेत साठत असलेला पैसा, आयुर्विम्याची पॉलिसी, धंद्यात वापरली जाणारी मालमत्ता आणि मुलांच्या स्वतःच्या नावची बचतही बाहेर राहते. घरसामान, गाडी, अंगावरचे दागिने या वापरातल्या वस्तू असल्याने त्याही सुटतात. महाराष्ट्रातील लाडकी बहीण योजनेत कुटुंबाकडे चारचाकी असली की ट्रॅक्टरचा अपवाद सोडता लाभ नाकारला जातो; ब्रिटनमध्ये तसे नाही. फक्त मदत मिळावी म्हणून बचतीचे रूपांतर वस्तूंत केले असे दिसले, तर ही सूट मिळत नाही.

दुसऱ्या घराची किंमत आजच्या बाजारभावाने धरतात. विक्रीला खर्च येणार असेल तर त्यातून दहा टक्के आणि त्या घरावर तारण असलेले कर्ज वजा होते. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने मात्र वजा होत नाही, आणि अनेकांचा हिशेब नेमका इथेच चुकतो. घर विक्रीला काढले असेल, तर साधारण सहा महिने त्याची किंमत बाजूला ठेवतात. जोडपे फुटून एकाने घर सोडले असेल तर त्यालाही अशीच सहा महिन्यांची मुभा असते. घरात उरलेली व्यक्ती एकटीने मुले सांभाळत असेल, तर ती मुभा पुढेही चालते. जवळच्या नातलगाचे निवृत्तिवेतनाचे वय झालेले असेल आणि तो दुसऱ्या घरात राहत असेल, तर त्या घराची किंमतही धरली जात नाही. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी घर घेणाऱ्या मुलांना या तरतुदीचा मोठा आधार आहे.

परदेशातील मालमत्ताही सुटत नाही, आणि ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. पुण्यातील फ्लॅट, नाशिकजवळचा प्लॉट, भारतातील बँकेत ठेवलेली मुदत ठेव यांची अर्जात नोंद करावी लागते. संयुक्त मालकी असेल तर वेगळा पुरावा नसल्यास समान हिस्से गृहीत धरतात. वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित वाड्यात म्हणूनच सातबारा, मिळकत पत्रिका आणि भावाबहिणींची नावे दाखवणारी कागदपत्रे हाताशी हवीत. जोडीदार ज्या व्हिसावर आला त्यात सरकारी मदत घेण्यास मनाई असेल, तर ब्रिटनमधील जोडीदाराला एकट्याच्या दराने अर्ज करावा लागतो. पण बचत मोजताना दोघांचीही धरली जाते. दर एकट्याचा आणि बेरीज दोघांची, ही तऱ्हा नव्याने संसार मांडणाऱ्यांना फार जड जाते.

मर्यादेखाली येण्यासाठी मुलाला पैसे देऊन टाकणे किंवा घर भावाच्या नावावर करणे उपयोगी पडत नाही. मदत मिळवणे हा त्यामागचा हेतू होता असे अधिकाऱ्यांनी ठरवले, तर तो पैसा अजून जवळच आहे असे मानले जाते. त्यानंतर ही काल्पनिक रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते आणि तेवढा काळ कुटुंबाला नसलेल्या पैशाच्या जोरावर तग धरावा लागतो. कर्ज फेडणे किंवा परिस्थितीला साजेशी खरेदी करणे यात मात्र काही गैर नाही. पावत्या जपल्या की पुरे.

दोघांनीही निवृत्तिवेतनाचे वय गाठले की युनिव्हर्सल क्रेडिटऐवजी पेन्शन क्रेडिट लागू होते आणि नियम एकदम सौम्य होतात. तिथे १०,००० पौंडांपर्यंत काही धरत नाहीत, त्यावरच्या प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न मानतात आणि वरची मर्यादाच नाही. पण १५ मे २०१९ पासून दोघांपैकी एकाचेच वय झालेले असेल तर नव्याने पेन्शन क्रेडिट मागता येत नाही. नवरा ६८ वर्षांचा, बायको ६० ची आणि बचत २०,००० पौंड असे उदाहरण घ्या. बायकोचेही वय झालेले असते तर त्या बचतीपोटी आठवड्याला फक्त २० पौंड उत्पन्न मानले गेले असते. आज त्यांना युनिव्हर्सल क्रेडिटच्या रांगेत पाठवतात आणि १६,००० ची भिंत तिथे आडवी येते. बायको वयाने लहान असण्याची रीत ज्या समाजात आहे, त्याला या नियमाची झळ अधिक बसते.

बचतीशी काही संबंध नसलेल्या मदतीही आहेत. सरकारी निवृत्तिवेतन आणि भरलेल्या विमा हप्त्यांवर मिळणारे नव्या पद्धतीचे बेकारी व आजारपण भत्ते देताना बचत विचारत नाहीत. अपंगत्वासाठीचे पीआयपी, वृद्धांसाठीचे अटेंडन्स अलाउन्स आणि आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांना मिळणारे केअरर्स अलाउन्स यांनाही बचतीची अट नाही. युनिव्हर्सल क्रेडिट नाकारले गेलेल्या जोडप्यालाही यांसाठी वेगळा अर्ज करता येतो.