बाल्कनी बंद केली, सोसायटीची नोटीस आली, पुढे काय?

घरात रांगतं मूल आहे म्हणून कोणी खिडकीबाहेर बॉक्स ग्रिल बसवतं. कोणी बाल्कनीला स्लायडिंग काचा लावून खोली वाढवतं, कोणी एसीचं आउटडोअर युनिट थेट दर्शनी भिंतीवर टांगतं. आठवड्याभरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो, मागोमाग नोटीस येते. "फ्लॅट माझा आहे," असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, "भिंत सगळ्यांची आहे."

महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये बदल किंवा वाढीव काम करण्याआधी व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी लागते. सेक्रेटरीने जिन्यात "करा हो, काय हरकत आहे" म्हटलं, तर ती परवानगी नव्हे. पण समितीचं पत्र मिळालं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 मध्ये फक्त आतल्या भागापुरती किंवा इमारतीच्या बाह्यरूपावर मोठा परिणाम न करणारी कामं नियोजन परवानगीतून वगळली आहेत. बाल्कनी बंदिस्त करणं किंवा छज्जा वाढवणं या सवलतीत बसेलच असं धरून चालता येत नाही. अशा कामाला महापालिकेची परवानगी लागते आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र त्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही. बरेच जण नेमके इथेच फसतात.

त्यामुळे भांडायला बसण्याआधी आपला वाद कशाचा आहे ते ठरवा. इमारतीच्या सुरक्षेचा, महापालिकेच्या नियमाचा, की नुसत्या दिसण्याचा? बीम, कॉलम किंवा स्लॅबला हात लागला असेल, तर चर्चेला फारशी जागा उरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल मागवा आणि तोपर्यंत काम थांबवा. बॉक्स ग्रिलबाबत आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही: आग लागली तर तिच्यातून बाहेर कसं पडणार? उघडणारा भाग ठेवलेली ग्रिल हा मूल आणि आग, दोन्हींचा विचार करणारा मार्ग आहे.

वाद फक्त दिसण्याचा असेल, तर तो बहुतेक वेळा सोसायटीतच मिटू शकतो. समितीकडे लेखी अर्ज द्या. त्याला सध्याचे फोटो, कामाचा नकाशा आणि वापरायचं साहित्य जोडा, आणि पोच घ्या. ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे तक्रार नव्हे. लेखी तक्रारीवर समितीने पुढच्या बैठकीत निर्णय घ्यावा आणि तो कारणांसह 15 दिवसांत सदस्याला कळवावा, असं आदर्श उपविधी सांगतात. यातला "कारणांसह" हा शब्द महत्त्वाचा. "नियमात बसत नाही" एवढंच उत्तर आलं, तर कोणता नियम, ते लेखी विचारा.

मग येतो नेहमीचा प्रश्न: "तिसऱ्या मजल्यावरची ग्रिल चालते, माझी का नाही?" दुसऱ्याचं काम बेकायदा असलं म्हणून आपलं कायदेशीर ठरत नाही. पण समिती माणूस बघून नोटीस काढत असेल, तर तिची बाजूही लंगडी पडते. (समिती सदस्याची स्वतःची बाल्कनी बंद असली, की सभेत काय होतं ते वेगळं सांगायला नको.)

सर्वसाधारण सभेत एकच धोरण मंजूर करणं हा यावरचा टिकाऊ उपाय आहे: ग्रिलचा एक नमुना, एक रंग, एसी युनिटची ठरलेली जागा आणि जुन्या कामांना बदलासाठी मुदत. कोणाला सरसकट सूट नाही आणि कोणा एकावर सूडही नाही.

उपविधी मोडल्याबद्दल दंड करायचा असेल, तर आधी कारणे दाखवा नोटीस आणि सदस्याचं म्हणणं ऐकून घेणं आवश्यक आहे. त्यानंतर निर्णय सर्वसाधारण सभेचा. आदर्श उपविधींत अशा दंडाची मर्यादा सहकारी वर्षाला 5,000 रुपये आहे. पाणी तोडणं किंवा लिफ्ट बंद करणं असले अधिकार हे उपविधी समितीला देत नाहीत. माणसं पाठवून ग्रिल कापून टाकणं हा तर स्वतःहून ओढवून घेतलेला नवा खटला.

सोसायटीत मिटलं नाही, तर कुठे जायचं ते वादाच्या प्रकारावर ठरतं. अनधिकृत बांधकामाची तक्रार महापालिकेकडे जाते. समितीच्या किंवा सभेच्या ठरावावर आक्षेप असेल, तर सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालय. समिती तक्रारीवर निर्णयच घेत नसेल, तर उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चुकीच्या दारात गेलात, तर काही महिन्यांनी "हा विषय आमच्याकडे येत नाही" असं उत्तर हाती पडतं. सहकार न्यायालयातला दावा वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो, म्हणून ग्रिलच्या रंगासाठी तिथे जाण्याआधी दोनदा विचार करावा. बीम फोडला असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

तुमची इमारत सोसायटी नसून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालची असेल, तर आधी घोषणापत्र काढून वाचा. तिथले नियम वेगळे आणि काही बाबतींत अधिक कडक आहेत.