लाट वाटेत किती थकली?

मंडळी, 21 मार्च 2024 च्या सकाळी आपल्या परभणी-नांदेडकडे भांडी वाजली, तेव्हा केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं आणि तीव्रता 4.5. बोरीत बसून आपण एवढंच विचारतो, "किती होता?" भूकंपशास्त्रज्ञ आणखी एक विचारतो: लाट इथवर येताना किती थकली?

लाट पोचायला किती वेळ लागला यावरून वेग कळतो. तिच्या उंचीवरून, म्हणजे आयामावरून, वाटेत ऊर्जा कुठे गेली ते कळतं. काही ऊर्जा नुसती पसरण्यात जाते, काही खडक गिळतो. थंड, घट्ट खडक कमी गिळतो. तापलेला, जरासा वितळलेला जास्त. दगडी भिंतीला कान लावून पलीकडून ठोकायला सांगा, मग कापसाच्या गंजीआडून; फरक लगेच कळेल.

गुटेनबर्ग यांना दिसलं की केंद्रापासून दूर जाताना लाटा फार क्षीण होतात आणि साधारण 15 अंशांच्या, म्हणजे सोळा-सतराशे किलोमीटरच्या सुमारास पुन्हा जोर धरतात. यावरून त्यांनी प्रावरणाच्या वरच्या भागात कमी वेगाचा थर असावा असं मांडलं. असा थर किरणांना खाली वळवतो, म्हणून मधल्या पट्ट्यात सावली पडते.

आता आपल्या भूमीकडे या. प्रावरणाच्या माथ्यालगत धावणारी एक आडवी लाट भारतीय द्वीपकल्पाखालून, हिमालयाखालून, दक्षिण तिबेटखालूनही नीट जाते. उत्तर तिबेटखाली मात्र जवळजवळ नाहीशी होते. तिथलं प्रावरण तापलेलं, आपलं थंड, असा अर्थ लावतात. आपला काळा पाषाण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो ओतणारी उष्णता बहुतेकांच्या मते आज रियुनियन बेटाखाली आहे. जमीन सरकली, चूल मागे राहिली!

पण थंड म्हणजे सुरक्षित, असा अर्थ काढू नका. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला सुमारे 10 हजार माणसं गेली, बहुतेक दगड-मातीच्या घरांखाली. तो भूकंप वरच्या कवचातला, उथळ. प्रावरणाच्या थंडपणाशी त्याला देणंघेणं नव्हतं. उलट अशा घट्ट भूमीत हादरा लांबवर पोचतो.

धुरावरून अग्नीचं अनुमान करताना नैयायिक सावध असत, तसंच इथेही. लाट लहान आली, तर दोष प्रावरणाचाच कसा? केंद्रातूनच त्या दिशेला कमी ऊर्जा निघाली असेल. किंवा यंत्राखालची जमीन वेगळी असेल. म्हणून एकाच जागी अनेक भूकंप मोजतात, अनेक वाटा ताडून पाहतात. आपली काळी माती तर हादरा फुगवते. त्यामुळे भूकंपमापक शेतात ठेवत नाहीत, शक्यतो उघड्या पाषाणावर बसवतात.