खर्चाचा नव्हे, फलाचा हिशेब

कल्याणकारी योजनेचा हिशेब बहुधा खर्चाच्या आकड्यापाशी पुरा होतो. निधी मंजूर झाला, वाटला गेला, उपयोगिता प्रमाणपत्र सादर झाले की प्रकरण मिटते. मुलगी शाळेत आली काय, आणि आलेल्या मुलीस वाचता येऊ लागले काय, हा रकाना त्या प्रमाणपत्रात नसतो.

राजस्थानातील भीलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या तीन वर्षांत पैशाची सांगड नेमकी याच रकान्याशी घालण्यात आली. 'एज्युकेट गर्ल्स' या स्वयंसेवी संस्थेने १६६ शाळांत काम केले. त्यासाठी लागणारे भांडवल स्वित्झर्लंडच्या 'यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशन'ने आगाऊ पुरविले. ठरलेले फल हाती आल्यास ते नफ्यासह परत करण्याची हमी लंडनच्या 'चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन'ने दिली. अपयश आले असते तर तोटा भांडवल देणाराचा. निकाल ठरविण्याचे काम 'आयडीइनसाइट' या त्रयस्थ संस्थेकडे सोपविले होते. या व्यवस्थेस 'विकास परिणाम रोखा' म्हणतात. वस्तुतः तो बाजारात विकला जाणारा रोखा नव्हे, निव्वळ करार होय.

मोबदल्याचा ८० टक्के भाग मुलांच्या प्रगतीवर व २० टक्के मुलींच्या पटनोंदणीवर अवलंबून होता. तिसरी ते पाचवीच्या मुलामुलींची हिंदी, इंग्रजी व गणित या विषयांत चाचणी घेऊन, कार्यक्रम न पोहोचलेल्या गावांतील मुलांशी तिची तुलना केली जाई.

पहिली दोन वर्षे प्रगती लक्ष्याच्या मागेच होती. एरवी असा अहवाल दप्तरी दाखल झाला असता. येथे मात्र पैसा अडकलेला होता. म्हणून शिकविण्याची रीतच बदलण्यात आली. इयत्तेऐवजी मुलांच्या प्रत्यक्ष येण्याजोगत्या पातळीवरून गट पाडले गेले आणि गैरहजर मुलांच्या घरी कार्यकर्ते जाऊ लागले. अखेरीस शाळाबाह्य पात्र मुलींपैकी ९२ टक्के मुली पटावर आल्या, प्रगतीचे लक्ष्य १६० टक्के गाठले गेले आणि भांडवलावर सालीना १५ टक्के परतावा मिळाला.

तथापि हा मार्ग सरसकट चांगला, असे मानू नये. मोजणी खर्चाची असते, आणि जे मोजता येत नाही ते मागे पडण्याची भीती राहते. शिवाय भीलवाड्यात फलाची किंमत परदेशी न्यासाने मोजली, शासनाने नव्हे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाबरोबर आरोग्यसेवेसाठी सामंजस्य करार केला, त्यात मात्र फल दिसल्यास रक्कम सार्वजनिक तिजोरीतून देण्याचे योजिले होते.