हलत्या पाळण्याचा फोटो

हुबळीहून कारवारच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर कलघटगी लागते. काळ्या मातीचा सपाट मुलूख इथे संपत येतो आणि यल्लापूरच्या बाजूचे जंगल खुणावू लागते. धारवाड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव तसे लहानच. पण त्याचे नाव दूरवर गेले ते लाकडी पाळण्यांमुळे. कानडीत पाळण्याला तोट्टिलु म्हणतात आणि ‘कलघटगी तोट्टिलु’ हे तिकडे एका दमात घ्यायचे नाव आहे. सागवानी लाकूड, त्यावर लाखेचे तांबडे, हिरवे, पिवळे रंग आणि बाजूंच्या फळ्यांवर कृष्णाच्या बाललीला नाहीतर रामायणातले प्रसंग. २०१८ मध्ये कन्नड अभिनेते अंबरीष यांनी यश आणि राधिका पंडित या कलाकार जोडप्याच्या बाळासाठी पाळणा करायला सांगितला तो इथेच.

अशा पाळण्याचा फोटो काढणे म्हणजे डाव्या हातचा मळ, असे कोणालाही वाटेल. वस्तू देखणी आहे, रंगांची लयलूट आहे, आणि फोन तर खिशातच आहे. प्रत्यक्षात बारशाचे फोटो नंतर पाहायला बसले की चेहरे उतरतात. कृष्णाच्या तोंडावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, तांबड्या रंगाचा नुसता गोळा, बाळ धूसर, आणि सगळ्या घराला कावीळ झाल्यासारखा पिवळा रंग. फोन जुना झाला, असा निष्कर्ष निघतो आणि नव्या फोनचा हप्ता सुरू होतो. बहुतेक वेळा फोनचा दोष नसतो. फोटो काढणाऱ्याने प्रकाशाकडे पाहिलेले नसते, एवढेच.

धारवाडच्या मुलखात कॅमेरा आला त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. तोफखान्यातले अधिकारी थॉमस बिग्ज यांना १८५५ मध्ये मुंबई सरकारने जुन्या वास्तूंचे फोटो काढण्याच्या कामावर नेमले. त्यांच्यामागून ते काम डॉ. पिगू यांच्याकडे आले. या दोघांनी आणि नील नावाच्या तिसऱ्या फोटोग्राफरने काढलेल्या फोटोंचे ‘आर्किटेक्चर इन धारवार अँड मायसोर’ हे पुस्तक १८६६ मध्ये लंडनला निघाले. तेव्हा निगेटिव्हसाठी कागद रसायनात भिजवावा लागे आणि उजेडासमोर बराच वेळ उघडा ठेवावा लागे. देवळे हलत नाहीत, म्हणून ते जमले. हलता पाळणा बिग्ज साहेबांच्या आवाक्यातला नव्हता.

कागदाच्या जागी इलेक्ट्रॉनिक चिप आणण्याचे काम कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये केले. त्यांचा कॅमेरा साडेतीन किलोंहून जड होता. चित्रात आडवे १०० आणि उभे १०० असे फक्त दहा हजार ठिपके, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आजच्या साध्या फोनमध्येही सव्वा कोट ठिपके सहज असतात.

या ठिपक्यांची गंमत पाळण्याच्या तांबड्या रंगाशी थेट जोडलेली आहे. कॅमेऱ्यातल्या चिपला सेन्सर म्हणतात. मसाल्याच्या डब्यात वाट्या असतात तशी सेन्सरवर लाखो बारीक घरे असतात आणि प्रत्येक घर आपल्यावर पडलेला उजेड मोजते. पण घराला रंग कळत नाही. त्याला फक्त कमी-जास्त कळते. म्हणून प्रत्येक घरावर रंगीत काचेसारखी चकती बसवलेली असते. चार घरांच्या चौकटीत दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. ही मांडणी कोडॅकमधल्याच ब्रायस बायर यांची. १९७६ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. माणसाचा डोळा हिरव्या उजेडाला जास्त तिखट, म्हणून हिरव्याला दोन घरे. उरलेले रंग आजूबाजूच्या घरांवरून अंदाजाने भरले जातात.

याचा अर्थ, लाखेच्या झगझगीत तांबड्याची नोंद चारातले एकच घर घेते. उजेड थोडा जास्त झाला की ते घर काठोकाठ भरते आणि पुढचा फरक त्याला समजत नाही. तांबड्या पट्टीवर कारागिराने ओढलेली गडद तांबडी वेलबुट्टी डोळ्यांना दिसते, फोटोत मात्र सपाट गोळा उरतो. उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर पाळण्याच्या तांबड्या भागावर बोट टेकवायचे, बाजूला सूर्याचे चिन्ह किंवा पट्टी येते ती किंचित खाली ओढायची. फोटो थोडा काळोखा वाटेल, पण वेलबुट्टी वाचेल. काळोखा फोटो नंतर उजळता येतो. काठोकाठ भरून वाहून गेलेले परत आणता येत नाही.

ती पट्टी खाली-वर करावी लागते, कारण कॅमेऱ्याला समोर काय आहे ते ठाऊक नसते. त्याचे मोजमाप एका गृहीतावर चालते: दृश्याची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडी असणार. नव्या फोनांना चेहरा, आकाश, जेवणाचे ताट ओळखता येते, तरी मूळ खोड जात नाही. हुबळीच्या बेंगेरी भागात खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. तिथल्या पांढऱ्याशुभ्र कापडाचा तागा चौकटभर घेतला तर कॅमेरा म्हणेल, उजेड फार आहे, आणि खादी मळकी दिसेल. तिथे पट्टी वर न्यायची. पावसाळ्यात कलघटगीच्या पुढे गर्द झाडीत उलटे घडते: झाडी मुळात काळोखी, कॅमेरा तिला उजळायला जातो आणि भर पावसातली हिरवी शांतता फिकट पडते. तिथे पट्टी खाली. पांढऱ्याला वर, काळ्याला खाली, हा नियम ऐकायला उलटा वाटतो, पण एकदा करून पाहिला की पटतो.

आता बारसे. पाळणा हलतो आहे, बायका पाळणे म्हणत आहेत, खोलीत गर्दी आहे आणि उजेड बेताचा. कॅमेऱ्याने आपल्या मनाने शटर १/३० सेकंद उघडे ठेवले, तर सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारा पाळणा तेवढ्यात सव्वातीन सेंटिमीटर सरकतो. बाळाचे नाक तीन सेंटिमीटर पसरले तर आजीसुद्धा ओळखणार नाही. शटर १/५०० केले तर सरकणे दोन मिलिमीटरवर येते. चित्र पुष्कळ स्वच्छ होते.

पण फुकट काही मिळत नाही. १/३० वरून १/५०० वर गेले की आत येणारा उजेड जवळजवळ सोळा पटींनी घटतो. तो भरून काढायला दोन वाटा आहेत. पहिली वाट भिंगाच्या तोंडाची, म्हणजे अ‍ॅपर्चरची. त्याचे आकडे उलटे चालतात, आणि नवशिका हमखास इथे अडखळतो: एफ/२ चे तोंड मोठे, एफ/४ चे लहान, एफ/१६ चे तर सुईच्या भोकासारखे. भिंगाच्या नाभीय अंतराला, म्हणजे फोकल लेंथला, या आकड्याने भागायचे, की तोंडाचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/२ वर २५ मिलिमीटर. एफ/४ वरून एफ/२ वर आले की उजेड चौपट होतो. दुसरी वाट आयएसओची. आयएसओ २०० वरून ८०० केला की नोंद चौपट उजळ होते. चार चोक सोळा, हिशेब जुळला.

दोन्ही वाटांवर जकात आहे. तोंड मोठे केले की थोडाच भाग रेखीव राहतो: पुढच्या फळीवरचा कृष्ण स्पष्ट, मागच्या फळीवरची यशोदा धुक्यात. आयएसओ वाढवणे म्हणजे जत्रेतल्या लाउडस्पीकरचा आवाज वाढवणे. गाण्याबरोबर खरखरही वाढते. फोटोतली खरखर म्हणजे सावलीत दिसणारे रंगीबेरंगी दाणे. शिवाय बहुतेक फोनांत भिंगाचे तोंड पक्के असते, कमी-जास्त होत नाही. त्यामुळे सगळा भार आयएसओवर येतो: २०० चा एकदम ३२००. फोनमधले सॉफ्टवेअर मग ते दाणे पुसायला जाते आणि बाळाची जावळे मेणाची करून ठेवते.

यातून सुटायला तिसरी वाट आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. पाळणा झोक्यासारखा हलतो. मध्यभागी त्याचा वेग सगळ्यांत जास्त, आणि दोन्ही टोकांना परत फिरण्यापूर्वी तो क्षणभर थांबतो. त्या टोकाला बटण दाबले तर १/६० सेकंदानेही काम भागते. दोन झोके नुसते बघायचे, लय धरायची, तिसऱ्याला दाबायचे. तबल्याच्या साथीला बसलेल्याला हे सांगावे लागत नाही.

फ्लॅश मात्र बंदच ठेवावा. बाळ दचकते ते वेगळेच. पण लाखेच्या चकाकीवर फ्लॅश पांढरा डाग होऊन बसतो. ही चकाकी कशी टाळायची, ते कॅरम खेळणाऱ्याला लगेच समजेल. स्ट्रायकर कडेला ज्या कोनात आपटतो, त्याच कोनात परततो. उजेडही तसाच. खिडकी, फळी आणि कॅमेरा या तिघांचा तो कोन जुळला की डाग दिसणारच. दोन पावले बाजूला सरकले किंवा फोन थोडा खाली नेला की डाग फळीवरून निघून जातो. खिडकीवर जुने पांढरे धोतर नाहीतर चादर टाकली तर एका ठिकाणाहून येणारा उजेड पसरतो आणि डागाची धार मोडते. मोठ्या कॅमेऱ्याला पोलरायझर नावाची फिरती काच लावतात. लाखेच्या, पाण्याच्या, काचेच्या चकाकीवर ती गुण देते. पितळी कड्यांवर ती काही करत नाही.

पिवळेपणाचे कारणही दिव्यात असते. जुन्या बल्बचा उजेड तांबूस-पिवळा, ढगाळ दिवसाचा निळसर. माणसाचा मेंदू हा फरक गुपचूप मिटवून टाकतो, म्हणून दिव्याखालीही कागद पांढराच दिसतो. कॅमेरा हेच काम ‘व्हाइट बॅलन्स’ या सोयीने करतो आणि एकाच प्रकारचा उजेड असेल तर बरे करतो. एकीकडून खिडकी आणि डोक्यावर पिवळा बल्ब अशी सरमिसळ झाली की त्याची गाडी रुळावरून उतरते. दिवसा फोटो काढायचा तर बल्ब विझवून पाळणा खिडकीजवळ घ्यावा. कलघटगीच्या पाळण्याचे रंग हेच त्याचे मोल असेल, तर गिऱ्हाइकाला पाठवायचा फोटो तरी अशा उजेडात काढलेला हवा.

भिंगाच्या निवडीत फोन एक खोडी करतो. त्याचा मुख्य कॅमेरा बराच रुंद बघतो. अगदी जवळ जाऊन फोटो काढला तर पाळण्याचा अलीकडचा कोपरा सोंडेसारखा पुढे येतो आणि पलीकडचा आक्रसतो. चार पावले मागे जाऊन दोन-तीन पट झूमचे वेगळे भिंग वापरले की पाळणा आपल्या मापात दिसतो. मात्र हाच रुंदपणा हुबळीच्या रेल्वे स्टेशनात कामी येतो. तिथला १५०७ मीटरचा फलाट, जगातला सर्वांत लांब, २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झाला. फोन कमरेखाली धरून फलाटाच्या कडेची रेघ कोपऱ्यातून आत धावू दिली की लांबी जाणवते. चालत येणारा एक हमाल चौकटीत असला तर आणखी चांगले. मापाला माणूस लागतोच. ‘पोर्ट्रेट मोड’चे खोटे धुके मात्र पाळण्याला लावू नये. साखळ्या कुठे संपतात आणि गजांमधल्या फटी कुठे सुरू होतात, हे सॉफ्टवेअरला नीट उलगडत नाही आणि निम्मी साखळी हवेत विरघळते.

मेगापिक्सेलच्या आकड्यांना फारसे भुलण्याचे कारण नाही. बारा मेगापिक्सेल म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके. इंचाला ३०० ठिपक्यांच्या उत्तम छपाईला त्यातून तेरा बाय दहा इंचांचा फोटो निघतो. पन्नास मेगापिक्सेलचे फोनही बहुधा चार घरे एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतात. त्यापेक्षा भिंगावरचा बोटांचा तेलकट ठसा सुती कापडाने पुसला तर फरक ताबडतोब दिसतो. इतका साधा उपाय कोणी करत नाही, हे नवलच.

आणि एवढी मेहनत घेऊन काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आक्रसतो, वेलबुट्टी पुन्हा विरते. नातेवाइकांना बघायला तो ठीक आहे. छपाईसाठी किंवा कारागिराला नमुना म्हणून पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

बिग्ज आणि पिगू यांच्या काळातले कागदी फोटो आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बघायला मिळतात. बारशाचे फोटो एकाच फोनमध्ये असतील तर तो फोन हौदात पडेपर्यंतच त्यांचे आयुष्य. बारशाच्याच आठवड्यात ते दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्या, आणि त्यातले निवडक दहा तरी छापून घ्या.