तो गेला, पण भीती राहिली



समजा, खडवलीकडची एक ताई आहे. पहाटेच्या लोकलने भाजीची पाटी घेऊन ती कल्याणला येते. घटस्फोट होऊन वर्ष झालं. तरी फलाटावर त्याच्यासारखा शर्ट दिसला की तिचे पाय लटपटतात. 'तुला कल्याणात धंदा करू देणार नाही, पोरं उचलून नेईन,' असे त्याचे निरोप येतात. घरचे म्हणतात, 'सुटलीस ना आता? मग कशाला घाबरतेस?'

अशी ताई तुमच्याही गटात असेल. ती बोलत नसेल, एवढंच. आजचं बोलणं तिच्यासाठी आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी.

पहिली गोष्ट, भीती म्हणजे भित्रेपणा नाही. ज्याने आधी मारलं आहे, त्याची धमकी खरी धरणं हा शहाणपणा आहे. धोका जाणवला की शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातपाय थरथरतात. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या शरीराला ही सवयच लागते. मग मोटारसायकलचा आवाज आला तरी दचकायला होतं, झोप लागत नाही.

म्हणून भीती वाटली की स्वतःला एकच प्रश्न विचारा : 'आत्ता, या क्षणी तो इथे आहे का?'

असेल, तर तिथे थांबू नका. माणसांत जा, मोठ्याने हाक मारा, ११२ नंबर लावा. नसेल, तर पाय जमिनीवर घट्ट टेका. श्वास नाकाने घ्या आणि तोंडाने सावकाश सोडा. घेताना तीन आकडे मोजले, तर सोडताना सहा मोजा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या. धडधड हळूहळू उतरते.

काही खुणा मात्र कधीच हलक्या समजू नका. त्याने पूर्वी गळा दाबला असेल, हत्यार दाखवलं असेल, 'तुला मारीन आणि मीही मरेन' म्हणाला असेल, पाठलाग करत असेल, तर धोका मोठा आहे. वेगळं झाल्यानंतरचे दिवसही जोखमीचे असतात. अशा वेळी 'शेवटचं एकदा बोलू' म्हणून त्याला एकटीने भेटायला जाऊ नका.

दुसरं काम वहीचं. धमकी कधी आली, कुठे, कोणत्या शब्दांत, कोणी ऐकली, हे तारखेसह लिहा. मोबाईलवरचे मेसेज पुसू नका. डोक्यात फिरणारी भीती कागदावर आली की थोडी हलकी होते आणि पुढे तीच वही तक्रारीच्या कामी येते. आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचं पुस्तक, घटस्फोटाचे कागद एका पिशवीत, विश्वासाच्या घरी ठेवा. मुलांना कोण नेऊ शकतं, ते शाळेत लेखी कळवा.

तिसरं, कायदा. 'घटस्फोट झाला, आता कोण ऐकणार?' असं अनेकींना वाटतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. ज्या बाईचं असं नातं आहे किंवा पूर्वी होतं, तिला तो लागू होतो. मुंबईच्या एका बाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं, की संसारात हिंसा झाली असेल, तर नंतर घटस्फोट झाला म्हणून नवरा त्यातून सुटत नाही.

या कायद्याखाली न्यायालय त्याला संपर्क करायला, तुमच्या कामाच्या जागी किंवा मुलांच्या शाळेत यायला मनाई करू शकतं. धोका दिसला तर त्याला बोलावण्याआधीही तात्पुरता आदेश देता येतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्जासाठी संरक्षण अधिकारी मदत करतात. वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिवाची धमकी देणं, पाठलाग करणं हे वेगळे गुन्हेही आहेत. पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. महिलांसाठी मदतीचा नंबर १८१.

झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर ते मनातच दाबून ठेवू नका. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मोफत बोलता येतं. सरकारी दवाखान्यातही सांगा. ताप आल्यावर औषध घेतो, तसंच हे.

आता उरलेल्या आपण सगळ्या. तिला 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणू नका. 'जाऊ दे, मुलांचा बाप आहे' असंही नको. 'मी तुझं ऐकते, पुढे काय करायचं ते तू ठरव' एवढं पुरे. मग पहाटे स्टेशनपर्यंत दोघीजणी सोबत जा. पोलिसांकडे एकटी पाठवू नका. तिचा मिस कॉल आला की काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवा.

भीती एका दिवसात जात नाही. पण ती एकटीच्या छातीवरून चारचौघींच्या खांद्यावर आली, की त्या ताईला सकाळी पुन्हा पाटी उचलता येते. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं थांबा आणि विचारा : 'कुणाला कुणाची भीती वाटते का गं?'